प्रकाश आणि घरातल्या वस्तू : लहान मुलांसोबत प्रयोग कोणत्या क्रमाने करावेत

फळ्यावर पारदर्शक, अर्धपारदर्शक आणि अपारदर्शक असे तीन शब्द लिहायचे, मुलांकडून ते दोनतीनदा म्हणवून घ्यायचे आणि मग काच, बटर पेपर व पुठ्ठा दाखवून पाठ आटोपायचा, ही पद्धत बालवाडीपासून दुसरीपर्यंत सर्रास दिसते, आणि घरी शिकवणारे पालकही बहुधा हाच मार्ग धरतात. दुसऱ्या दिवशी त्याच मुलांपुढे लाल जिलेटिन कागद धरला की काही जण त्याला अर्धपारदर्शक म्हणतात, कारण तो रंगीत आहे. बटर पेपर पुस्तकावर ठेवला की त्याला पारदर्शक म्हणतात, कारण अक्षरे दिसतात. आणि स्टीलचे ताट चकाकते म्हणून त्यातून उजेड जातो, असेही एखादे मूल ठामपणे सांगते. मुलांनी मन लावून पाहिले होते, हेच या उत्तरांवरून कळते. गोंधळ होतो तो आपण नाव आधी आणि अनुभव नंतर दिल्यामुळे, आणि वस्तू कुठे, किती अंतरावर व कोणत्या उजेडात धरायची याची शिस्त न पाळल्यामुळे.

पुढील क्रम चार ते सात वर्षांच्या मुलांसाठी आहे. सगळे टप्पे एका दिवसात उरकू नयेत. एका बैठकीला वीस-पंचवीस मिनिटे आणि एक किंवा फार तर दोन टप्पे पुरेत. एका वेळी सहा ते आठ मुले असावीत. वर्ग मोठा असेल तर गट पाडून बाकीच्यांना चित्रे रंगवायला द्यावीत, कारण भिंतीवरचा मंद उजेड मागच्या बाकावरून दिसत नाही.

## पूर्वतयारी

खोली. काळोख गडद नको. त्यात लहान मुले घाबरतात आणि सगळे लक्ष टॉर्चवरच जाते. एकमेकांचे चेहरे दिसतील इतका अंधुक उजेड ठेवावा, खिडक्यांवर जाड चादर किंवा सतरंजी टाकावी आणि ट्यूबलाइट बंद करावी. कस सोपा आहे: टॉर्च न लावता पांढऱ्या भिंतीसमोर हात धरावा, आणि हाताची थोडीही सावली भिंतीवर पडत असेल तर आणखी एखादी खिडकी झाकावी. एका बालवाडीत मी हा प्रयोग पहिल्यांदा घेतला तेव्हा मागची ट्यूबलाइट चालूच राहिली होती. बटर पेपर धरल्यावर मुले "काहीच येत नाही" म्हणत होती आणि मी त्यांना "नीट बघा" म्हणून दटावत होते. त्या उजेडात भिंतीवर खरोखरच काही दिसत नव्हते.

टॉर्च. एकच दिवा असलेला टॉर्च घ्यावा. सात-आठ बारीक दिवे असलेल्या टॉर्चमुळे प्रत्येक वस्तूच्या तितक्याच सावल्या एकमेकींवर पडतात आणि कडा फाटलेल्या दिसतात. भिंतीपासून वीतभर अंतरावर बोट धरून सावल्या मोजल्या की टॉर्च चालेल की नाही ते लगेच कळते. मोबाइलचा फ्लॅश लहान आणि ठळक असल्यामुळे सावलीसाठी उत्तम, परंतु तो मुलांच्या हातात देऊ नये. टॉर्च मोठ्या माणसानेही हातात धरू नये. स्टुलावर पुस्तकांची चळत रचून तो भिंतीपासून साधारण एक मीटरवर पक्का बसवावा, नाहीतर प्रत्येक वस्तूच्या वेळी अंतर बदलते आणि तुलना निरर्थक होते.

चौकटी. बहुतेक जण ही तयारी गाळतात, आणि तिथेच घोटाळा सुरू होतो. फॉइलचा तुकडा तळहाताएवढा, बटर पेपर ताटाएवढा आणि पुठ्ठा वहीएवढा असला की मुले पदार्थाऐवजी आकाराची तुलना करू लागतात. जुन्या लग्नपत्रिकांचा जाड कागद घेऊन त्यात प्रत्येकी आठ सेंटिमीटरची चौकोनी खिडकी कापावी आणि एकेका चौकटीमागे एकेक पदार्थ चिकटपट्टीने ताणून लावावा. एक चौकट रिकामी ठेवावी, कारण "काहीच नसताना" काय दिसते हे मुलांनी आधी पाहिलेले असले पाहिजे.

पदार्थ. पहिल्या संचात इतके पुरेत: वहीच्या कव्हराचे स्वच्छ प्लॅस्टिक, लाल जिलेटिन, बटर पेपर, वहीचे कोरे पान, पातळ सुती रुमाल, जास्वंदीचे ताजे पान, ॲल्युमिनियम फॉइल आणि पुठ्ठा. चहाची गाळणी, मच्छरदाणी आणि जाळीदार ओढणी या संचात घेऊ नयेत. त्यांतून उजेड छिद्रांमधून येतो, पदार्थातून येत नाही. हा भेद मोठ्या मुलांसाठी फार चांगला आहे, पण सुरुवातीला तो गोंधळात भर घालतो. सुती रुमालातही हीच थोडी अडचण आहे, तरी तो प्रत्येक घरात असतो म्हणून मी ठेवते. फक्त घट्ट विणीचा घ्यावा.

खबरदारी. सूर्याकडे थेट पाहायचे नाही, रंगीत जिलेटिनमधूनही नाही. हे पहिल्याच दिवशी सांगावे आणि प्रत्येक बैठकीत पुन्हा सांगावे. लेझरचा खेळण्यातला दिवा वापरू नये. नाण्याच्या आकाराचे चपटे सेल असलेले छोटे टॉर्च मुलांपासून दूर ठेवावेत, कारण असा सेल गिळला गेल्यास अन्ननलिकेला गंभीर इजा होते. काचेऐवजी प्लॅस्टिक घ्यावे. कागद आणि कापड हाताळले जात असताना पणती किंवा मेणबत्ती लावू नये.

## टप्पा १ : टॉर्चची आणि भिंतीची ओळख

पहिली पाचदहा मिनिटे कोणताही पदार्थ न देता मुलांना भिंतीवरच्या उजेडाच्या गोलात हात नाचवू द्यावेत. हरीण, कुत्रा, ससा करून झाल्याशिवाय त्यांचे लक्ष दुसरीकडे जाणार नाही, तेव्हा ही हौस आधीच भागवून घेतलेली बरी. मग रिकामी चौकट उजेडात धरावी आणि विचारावे, "चौकटीची सावली कुठे पडली? मधल्या खिडकीतून काय आले?" मधून उजेड आला, हे मुलांनी बोट लावून दाखवले की पहिला टप्पा झाला.

पडताळणी. एखाद्या मुलाला "टॉर्चमधला उजेड भिंतीपर्यंत कुठून गेला?" असे विचारून बोटाने वाट दाखवायला सांगावे. बरीच मुले टॉर्चवर एक बोट आणि भिंतीवर एक बोट ठेवतात, मधली वाट दाखवतच नाहीत. उजेड मधल्या जागेतून जातो हे त्यांच्या मनात अजून आलेले नसते, आणि ते येईपर्यंत "अडतो" या शब्दालाही अर्थ नसतो. अशा वेळी खडूच्या डस्टरची थोडी धूळ उजेडाच्या वाटेत, मुलांपासून लांब, हलकेच झटकावी. वाट क्षणभर उजळून दिसते आणि पुढचे बोलणे सोपे होते.

## टप्पा २ : आधी अंदाज, मग प्रयोग

मोठ्या कागदावर तीन रकाने आखून वर शब्दांऐवजी चित्रे काढावीत: उघडा डोळा, ढग आणि विटांची भिंत. उघडा डोळा म्हणजे आरपार दिसते, ढग म्हणजे उजेड येतो पण पलीकडचे ओळखू येत नाही, भिंत म्हणजे उजेड अडतो. प्रत्येक पदार्थ हातात घेऊन, चाचपून, मुलाने आपला अंदाज म्हणून एका रकान्यात लाल टिकली लावावी. प्रयोगानंतर जे दिसले त्याची हिरवी टिकली लावायची.

नेहमीची चूक. प्रयोग झाल्यावर मूल हळूच आपली लाल टिकली उचलून हिरवीच्या शेजारी नेते आणि आपण कौतुकाने ते चालू देतो. लाल टिकली जागची हलवायची नाही, हा नियम हसतखेळत पण ठामपणे पाळावा. "तुझा अंदाज चुकला" असे न म्हणता "तुला आधी काय वाटले होते आणि आता काय दिसले?" असे विचारावे, अंदाज आणि निकाल यांतले अंतर समोर राहिले तरच मूल पुढच्या वेळी पदार्थाकडे अधिक बारकाईने पाहते.

## टप्पा ३ : दोन प्रश्न, दोन वेगळे उजेड

या लेखाचा गाभा हा टप्पा आहे, म्हणून इथे घाई करू नये. प्रत्येक पदार्थाला दोनच प्रश्न विचारायचे आहेत, आणि दोन्हींसाठी खोलीतला उजेड वेगळा लागतो. अनेक शिक्षक दोन्ही प्रश्न एकाच वेळी, एकाच अंधारात उरकतात आणि मग निकाल जुळत नाहीत.

पहिला प्रश्न : उजेड पलीकडे पोचला का? खोली अंधुक, टॉर्च चालू. चौकट भिंतीपासून एक वीत अंतरावर धरावी. वीत मोठ्या माणसाची. चौकट टॉर्चजवळ धरली तर बटर पेपर आणि रुमाल यांतून आलेला उजेड चहूकडे पसरतो, भिंतीपर्यंत पोचेतो इतका विरळ होतो की मुले प्रामाणिकपणे "उजेड अडला" म्हणतात. भिंतीजवळ धरल्यास तोच मंद उजेड चौकटीच्या काळ्या सावलीच्या मधोमध स्पष्ट दिसतो.

दुसरा प्रश्न : पलीकडची वस्तू ओळखता येते का? आता टॉर्च बंद, खिडकी उघडी. डब्याला टेकवून एक ठळक चित्र उभे करावे, चौकट चित्राच्या पुढे पुन्हा एक वीत अंतरावर धरावी आणि मुलाला समोर बसवावे. चित्रावर चांगला उजेड पडलेला असला पाहिजे. चित्र मुलाच्या ओळखीचे नसावे. रोज तेच मांजर दाखवले तर मूल आठवणीने उत्तर देते, म्हणून तीनचार चित्रे बदलती ठेवावीत आणि मुलाने पाहण्याआधी चित्र पालथे असावे.

दोन्ही प्रश्नांना "हो" आले तर उघडा डोळा, पहिल्याला "हो" आणि दुसऱ्याला "नाही" आले तर ढग, पहिल्यालाच "नाही" आले तर विटांची भिंत. साडेचार वर्षांचे मूलही हा हिशेब दोन वेळा करून पाहिल्यावर स्वतः करू लागते.

लाल जिलेटिन. भिंतीवर लाल उजेड पडतो आणि चित्र ओळखूही येते, म्हणून त्याची जागा उघड्या डोळ्याखाली. रंग असणे आणि धूसर असणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे इथेच सांगावे, आणि शेजारी बटर पेपर धरून दाखवावे: एकात रंग आहे आणि चित्र स्पष्ट आहे, दुसऱ्यात रंग नाही आणि चित्र पुसट आहे. त्याच ओघात लाल जिलेटिनमधून हिरवे पान पाहू द्यावे; ते काळपट दिसते, कारण पानाकडून येणारा हिरवा उजेड जिलेटिन बहुतांशी शोषून घेते. बाजारातले जिलेटिन शुद्ध लाल नसते, त्यामुळे पान अगदी काळे दिसले नाही तर दचकू नये.

जास्वंदीचे पान. भिंतीवर त्याचा उजेड इतका मंद पडतो की मुले त्याला विटांच्या रकान्यात टाकतात. शंका राहिली तर पान खिडकीतून आकाशाकडे, सूर्याच्या विरुद्ध दिशेला, धरून पाहावे. ते हिरवे उजळते आणि शिरांची जाळी दिसते. मोठ्या माणसांनीही हे एकदा सावकाश पाहण्यासारखे आहे.

धोक्याची जागा. चौकट एक वीत अंतरावर धरण्याचा नियम मोडला की दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर बदलते. बटर पेपर चित्राला चिकटवून ठेवला तर चित्र चांगले दिसते, दोन बोटे उचलला तर पुसट होते आणि वीतभर उचलला तर नाहीसे होते. बटर पेपर किरणांना इकडेतिकडे पसरवतो. चित्र चिकटलेले असताना पसरायला अंतरच मिळत नाही, म्हणून रेषा जागच्या जागी राहतात. रांगोळीचा किंवा भरतकामाचा नमुना ट्रेसिंग पेपरवर उतरवताना आपण कागद दाबून धरतो तो याच कारणाने. मुलांना कारण सांगण्याची गरज नाही. "चिकटवा, उचला, पुन्हा चिकटवा" असे त्यांच्याच हातून करवून घ्यावे.

## टप्पा ४ : आता नावे द्यावीत

सगळ्या हिरव्या टिकल्या लागल्यानंतर, म्हणजे बहुधा तिसऱ्या बैठकीला, रकान्यांवरच्या चित्रांखाली शब्द लिहावेत: पारदर्शक, अर्धपारदर्शक, अपारदर्शक. चार-पाच वर्षांच्या मुलांना "आरपार", "धूसर" आणि "अडतो" हेच शब्द पुरेसे आहेत आणि तिथेच थांबले तरी काही बिघडत नाही.

"अर्धपारदर्शक" या शब्दातला "अर्ध" मुलांना हमखास फसवतो. अर्धी पोळी, अर्धा पेला यांच्या सवयीने मुले समजतात की कागदाचा अर्धा भाग आरपार आहे आणि अर्धा नाही, एका मुलीने तर बटर पेपर मधोमध दुमडून "कुठली बाजू?" असे मला विचारले होते. उजेड सगळीकडूनच येतो, पण वेडावाकडा पसरून येतो, एवढे सांगून भागते. "प्रकाश थोडा जातो" ही प्रचलित व्याख्याही इथे अपुरी पडते. गडद चष्म्याच्या काचेतून थोडाच प्रकाश येतो, तरी पलीकडचे स्पष्ट दिसते. म्हणून उजेड किती आला यापेक्षा तो सरळ आला की विखरून आला, यावर भर द्यावा.

## टप्पा ५ : रकान्यात न बसणाऱ्या वस्तू

इथपर्यंत आलेल्या मुलांना वाटू लागते की प्रत्येक पदार्थाचा रकाना कायमचा ठरलेला आहे. ही समजूत पक्की होण्याआधीच मोडावी.

वहीचे पान. एका पानातून उजेड येतो. पान एकदा दुमडावे, पुन्हा दुमडावे, आणि प्रत्येक घडीनंतर टॉर्चसमोर धरून पाहावे. कितव्या घडीला उजेड थांबला ते मुलांनी मोजावे. निरनिराळ्या वह्यांसाठी आकडा निराळा येईल, आणि तो तसा यावा हेच बरे.

तेलाचा डाग. भज्यांच्या कागदावर उमटतो तसा डाग मुद्दाम पाडायचा आहे. कोऱ्या कागदावर गोडेतेलाचे दोन थेंब टाकून पाच मिनिटे थांबावे आणि कागद खिडकीसमोर धरावा: डाग भोवतीच्या कागदापेक्षा उजळ दिसतो. लगेच तोच कागद गडद रंगाच्या टेबलावर ठेवावा: आता तोच डाग भोवतीपेक्षा काळपट दिसतो. मुले कागद चारचारदा वरखाली करून खात्री करून घेतात, आणि त्यांना तसे करू द्यावे. कागद म्हणजे तंतूंचे जाळे आणि मधली हवा. प्रत्येक तंतूपाशी प्रकाश वळतो, परततो, विखुरतो, म्हणून कागद पांढरा दिसतो. तेल त्या फटी भरते, आणि तेलातून जाताना प्रकाश जितका वळतो जवळजवळ तितकाच तंतूंतून जातानाही वळत असल्यामुळे विखुरणे कमी होते. जो उजेड आधी परत फिरत होता तो आता पलीकडे निघून जातो. म्हणून पलीकडून पाहणाऱ्याला डाग उजळ आणि अलीकडून पाहणाऱ्याला काळपट दिसतो. मुलांना मात्र "तेलाने कागदातली वाट मोकळी केली" इतकेच सांगावे. पाण्याचा थेंबही थोडाफार असेच करतो, पण तो वाळला की खेळ संपतो. दोन्ही थेंब शेजारी टाकून अर्ध्या तासाने पाहिल्यास तोही एक प्रयोग होतो.

खोबरेल तेल. थंडीच्या दिवसांत बाटलीतले खोबरेल तेल गोठून पांढरेशुभ्र होते आणि त्यातून पलीकडचे काही दिसत नाही. बाटली कोमट पाण्यात ठेवली की तेच तेल नितळ होऊन आरपार दिसू लागते. खोबरेल तेल साधारण २४ अंश सेल्सिअसच्या आसपास वितळते, त्यामुळे कोकणातल्या उकाड्यात हा प्रयोग करायचा तर बाटली फ्रीजमध्ये ठेवावी लागेल. पदार्थ तोच, बाटली तीच, तरी टिकली एका रकान्यातून दुसऱ्यात जाते.

पाणी आणि दूध. पारदर्शक भांड्यात पाणी घेऊन मागे वीतभर अंतरावर चित्र ठेवावे आणि दुधाचा एकेक थेंब टाकून ढवळावे. चित्र कितव्या थेंबाला गेले, हे मुलांनी मोजावे. भांडे सपाट बाजूंचे, चौकोनी हवे. गोल पेल्यातले पाणी भिंगासारखे वागते आणि मागचे चित्र डावे-उजवे उलटते. मग मुले दूध विसरून उलट्या चित्रातच रमतात. तो खेळ दुसऱ्या दिवशी जरूर करावा, त्या दिवशी नाही.

खबरदारी. पाण्याने भरलेली गोल बाटली किंवा भिंग उन्हात ठेवून जाऊ नये. उजेड एका जागी गोळा होऊन कागद करपू शकतो.

## टप्पा ६ : सावली

बरेच जण सावलीने सुरुवात करतात. माझ्या मते ती पदार्थांनंतर घ्यावी, कारण "उजेड अडला" हे समजल्यानंतरच सावली म्हणजे उजेड न पोचलेली जागा, हे कळू शकते. त्याआधी मुलांच्या लेखी सावली ही एक काळी वस्तू असते. ती चित्रात सावलीला डोळे-तोंडही काढतात. असे चित्र आले तर खोडून न घेता मुलाला भिंतीजवळ उभे करावे आणि "तुझ्या सावलीचे डोळे दाखव" असे म्हणावे.

टॉर्च आणि भिंत जागच्या जागी ठेवून पुठ्ठ्याचा मासा हळूहळू टॉर्चकडे न्यावा. सावली मोठी होत जाते. टॉर्च भिंतीपासून एक मीटरवर असेल तर मासा बरोबर मध्यावर असताना सावली दुप्पट आणि टॉर्चपासून पाव मीटरवर असताना चौपट पडते. लहानांना हे गणित नको, पण मोठ्या माणसाला अंतरे ठाऊक असली की भिंत अपुरी पडत नाही. टॉर्च आणि मासा दोन्ही एकाच वेळी हलवणे ही इथली सर्वांत मोठी चूक. एका वेळी एकच गोष्ट हलवावी.

मग पहिल्या संचातल्या चौकटी पुन्हा काढाव्यात आणि सावल्यांची तुलना करावी. पुठ्ठ्याची सावली काळी, बटर पेपरची करडी, जिलेटिनची लाल. स्वच्छ प्लॅस्टिकचीही अगदी फिकी सावली पडते, कारण त्याच्या पृष्ठभागांवरून थोडा उजेड परत फिरतो. "पारदर्शक वस्तूची सावली पडत नाही" हे पाठ केलेले वाक्य इथे मुलांच्या डोळ्यांदेखत खोटे ठरते, तेव्हा ते शिकवूच नये. बाहुल्यांच्या खेळातही हा फरक वापरलेला आहे: आंध्रातल्या तोलू बोम्मलाटाच्या बाहुल्या पातळ, उजेड झिरपू देणाऱ्या कातड्याच्या असल्यामुळे त्यांच्या सावल्या रंगीत पडतात, तर ओडिशातल्या रावणछायेच्या बाहुल्या उजेड अडवतात आणि पडद्यावर काळ्या आकृती उमटतात. मुलांच्या खेळासाठी पुठ्ठ्याच्या माशाला जिलेटिनचा डोळा लावला तरी पुरे.

अंगणातल्या सावलीसाठी एकाच जागी उभे राहून सकाळी नऊला, बाराला आणि चारला पावलांभोवती व सावलीभोवती खडूने रेघ मारावी. पावलांच्या खुणा न केल्यास मूल दर वेळी वेगळ्या जागी उभे राहते आणि सगळे चित्र वाया जाते. अख्खा महाराष्ट्र कर्कवृत्ताच्या दक्षिणेला असल्यामुळे आपल्याकडे प्रत्येक गावी वर्षातून दोनदा भर मध्यान्ही सूर्य बरोबर डोक्यावर येतो. पुण्यात तो मेच्या मध्याला आणि जुलैच्या अखेरीस येतो. जुलैत ढग आड येतात. मेमध्ये शाळा नसते, पण घरी पिंप किंवा सरळ बाटली उन्हात ठेवून सावली तिच्या तळाशी गडप झालेली दाखवता येते. बाटली पाण्याने भरू नये, हे वर आलेच आहे.

## टप्पा ७ : परत फिरणारा उजेड

हा टप्पा छोटा ठेवावा. टेबलावर स्टीलचे ताट ठेवून वरून तिरका टॉर्च मारला की छतावर उजेडाचा ठिपका दिसतो. मग फॉइलचा सपाट तुकडा, तोच तुकडा चुरगाळून पुन्हा उघडलेला, पांढरा कागद आणि काळे कापड, याच क्रमाने. सपाट फॉइलवरून ठिपका येतो, चुरगाळलेल्यावरून उजेडाचे तुकडे सगळीकडे उडतात, पांढऱ्या कागदावरून ठिपका येत नाही पण जवळ वाकलेल्या मुलाचा चेहरा उजळतो, आणि काळ्या कापडावरून जवळजवळ काहीच येत नाही. लाल पुठ्ठा पांढऱ्या भिंतीजवळ धरून त्यावर टॉर्च मारला तर भिंतीवर फिकट लाली येते.

नेहमीची चूक. "फक्त चकचकीत वस्तू उजेड परत पाठवतात" असे सांगणे. तसे असते तर टॉर्चच्या उजेडात पांढरा कागद दिसलाच नसता.

पडताळणी. रात्री घरातला दिवा लावून खिडकीच्या बंद काचेकडे पाहायला सांगावे. दिवसा जिच्यातून रस्ता दिसतो त्याच काचेत आता स्वतःचा चेहरा दिसतो. काच प्रकाश सरळ पडला असता प्रत्येक पृष्ठभागावरून सुमारे ४ टक्के परत पाठवते. दिवसा बाहेरून येणाऱ्या भरपूर उजेडात ते दिसत नाही, रात्री दिसते.

## टप्पा ८ : आकाशकंदिलासाठी कागद निवडणे

मुलांना खरोखर समजले का, हे पाहायचे असल्यास प्रश्नपत्रिकेऐवजी आकाशकंदील करायला बसवावे, मग दिवाळी असो वा नसो. पुठ्ठ्याच्या खोक्याच्या चार बाजूंना मोठ्या खिडक्या कापाव्यात आणि आत एलईडीचा छोटा दिवा ठेवावा. तापणारा जुना बल्ब कागदाजवळ लावू नये. मग प्रत्येक गटाने आपली बाजू कशाने झाकायची ते आधी सांगावे, आणि का ते सांगितल्यावरच कागद हातात द्यावा.

जिलेटिन निवडणाऱ्या गटाला खिडकीतून आतला दिवा आणि त्याची वायरही दिसेल, आणि दिव्याकडे पाहताना डोळ्यांना त्रास होईल. पतंगी कागद किंवा बटर पेपर निवडणाऱ्यांची सबंध खिडकी सारखी उजळेल आणि दिवा कुठे आहे ते कळणार नाही. पुठ्ठा निवडणाऱ्यांना नक्षी कापावी लागेल, कारण छिद्रांखेरीज काही उजळणार नाही. पण बदल्यात समोरच्या भिंतीवर चांदण्यांचा उजेड पडेल. यातली एकही निवड चूक नाही, तेव्हा "कोणाचा कंदील चांगला?" हा प्रश्न विचारू नये. "तुमच्या बाजूने दिवा का दिसतो आणि त्यांच्या बाजूने का दिसत नाही?" हा प्रश्न विचारावा. उत्तरात "कागद जाड आहे म्हणून" असे आले तर टप्पा ५ मधली घड्यांची वही पुन्हा काढावी. "उजेड पसरतो म्हणून" असे आले तर दिव्याची जागा कागदाजवळ आणि कागदापासून दूर अशी बदलून काय होते, ते त्या मुलालाच करून पाहू द्यावे. दिवा कागदाला टेकला की बटर पेपरमागेही तो ओळखू येतो.

कंदील टांगल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी, दिवा बंद असताना, मुलांना तोच कंदील पुन्हा पाहायला बोलवावे. रात्री सर्वांत झगमगलेली जिलेटिनची खिडकी आता काळवंडलेली दिसते आणि बटर पेपरची पांढरट, उजळ. तेलाचा डाग टेबलावर कसा दिसला होता, ते कोणाला आठवते का, एवढे विचारून थांबावे.